त्सुयुत दर वर्षी त्याच कोपऱ्यात उठणारी बुरशी: कारण सापडलं, ते असं

जूनचा तिसरा आठवडा लागला की आमच्या तोक्योतल्या निशि-कासाइच्या घरात उत्तरेकडच्या खोलीत, कपाटाच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर काळे ठिपके उठायचे. आधी मोहरीएवढे, मग आठवड्याभरात एकमेकांना भिडून हातभर पट्टा. पुसले की जायचे, दहा दिवसांत पुन्हा तिथेच यायचे. लागोपाठ तीन वर्षं हेच चाललं. चौथ्या वर्षी थांबलं आणि त्यानंतर पुन्हा आलेलं नाही. जपानात नव्याने आलेल्या मराठी घरांना पहिल्याच पावसाळ्यात, म्हणजे इथल्या त्सुयुत, हा त्रास होतो आणि बहुतेक जण माझ्यासारखाच उलटा उपाय करत बसतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी चिपळूणची. पावसाची सवय मला आहे असं मी धरून चालले होते. तोक्योत जून आणि जुलै मिळून साधारण सव्वातीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे झड लागली की एवढा दोन-तीन दिवसांत पडून जातो. इथला पाऊस म्हणजे दिवसभर भुरभुर, मध्येच उघडीप, पुन्हा भुरभुर. पागोळ्या नाहीत, गडगडाट फारसा नाही. त्यामुळे वाटतं, एवढ्याशा पावसाने काय होणार? कान्तो भागात, म्हणजे तोक्यो आणि आसपास, सरासरीने ७ जूनला त्सुयु लागतो आणि १९ जुलैला संपतो. ओकिनावात तो मे महिन्याच्या दहा तारखेच्या आसपासच सुरू होतो, होक्काइदोत जवळजवळ नसतोच. त्सुयुला बाइउ असंही म्हणतात आणि उमेची, म्हणजे जर्दाळूसारखी आंबट, फळं पिकतात त्या दिवसांतला पाऊस असा त्याचा अर्थ. पण जुन्या काळी हाच शब्द, उच्चार तोच ठेवून, ‘बुरशीचा पाऊस’ अशा अर्थाच्या अक्षरांनीही लिहीत. हे कळलं तेव्हा वाटलं, त्रास आपल्या एकट्याच्या घरातला नाही.

खिडकी उघडल्याने काय होतं

पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “अगं, दारं-खिडक्या उघड, हवा खेळू दे घरात.” आईचं तिच्या घरापुरतं बरोबरच होतं. आमच्या जुन्या घराला कौलं, कौलांमधून हवा येत-जात असायची. माजघराच्या पलीकडे चूल दिवसभर धगधगत असायची. धाकट्या भावाची दुपटी शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर वाळवलेली मला आठवतात. म्हणजे त्या घरात हवा तर खेळायचीच, पण शिवाय सतत ऊब असायची आणि ओल सुकायची ती त्या उबेवर. इथे काँक्रीटच्या इमारतीत तळमजल्यावर, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या आत, मी त्यातला निम्माच भाग उचलला होता. खिडक्या उघडत होते, ऊब कुठेच नव्हती.

खरं काय होतंय ते हजार-दीड हजार येनच्या आर्द्रतामापकाने दाखवलं. दुकानात तो शित्सुदोकेइ म्हणून मिळतो. तुम्ही या लेखातलं एकच काही करणार असाल तर आधी हा घ्या. एका संध्याकाळी खोलीत आकडा ६४ टक्के होता. पाऊस थांबला होता, बाहेर गार वाटत होतं, म्हणून अर्धा तास खिडकी उघडी ठेवली. आकडा ७९ वर गेला.

हिशेब केला तर यात नवल नाही. बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. घरात २६ अंश आणि ६० टक्के असेल तर साडेचौदा ग्रॅम. सहा तातामीच्या, म्हणजे सहा चटया मावतील एवढ्या, खोलीत साधारण २४ घनमीटर हवा मावते. खिडकी उघडून ती सगळी एकदा बदलली की सव्वाशे ग्रॅमच्या घरात पाणी आत येतं. वाटीभर पाणी आपणच आणून खोलीत शिंपडल्यासारखं ते झालं. बाहेर गार लागतं म्हणून ते कोरडं असेल असं आपल्या अंगाला वाटतं, आणि त्सुयुत नेमकी तिथेच फसगत होते. तेव्हापासून मी बाहेरचा अंदाज अंगावरून करत नाही. बाहेरचं तापमान आणि आर्द्रता दोन्ही पाहते आणि मगच खिडकीला हात लावते. त्सुयुत मधूनच एखादा स्वच्छ उन्हाचा दिवस येतो, त्याला त्सुयुबारे म्हणतात. त्या दिवशी दुपारी मात्र घर उघडं टाकावं.

कपाटामागे वेगळंच हवामान असतं

आकडा खाली आणल्यावरही ठिपके आले, तेव्हा मी खचले होते. खोलीच्या मध्यावर ७० टक्के दिसत होते, फार वाईट नव्हते. मग दुसरा मापक दोरीला बांधून कपाटामागे सोडला. रात्रभर ठेवून सकाळी ओढून पाहिला: ८७.

खोली तीच आणि हवाही तीच होती. फरक भिंतीचा होता. उत्तरेची भिंत बाहेरची, तिला ऊन लागत नाही. काँक्रीट जड असल्यामुळे वसंतातला गारवा ते बरेच दिवस धरून ठेवतं आणि तळमजल्यावर जमिनीलगत तो सगळ्यात जास्त असतो. २६ अंशांची ७० टक्क्यांची हवा २२ अंशांच्या भिंतीला टेकली की तिथे आर्द्रता ८८ टक्क्यांपर्यंत चढते. पाण्याचा थेंबही दिसत नाही, हाताला भिंत कोरडी लागते, आणि तरी बुरशीला लागेल तेवढी ओल तिथे असते. वर कपाट भिंतीला चिकटवून ठेवलेलं, म्हणजे खोलीची ऊब तिथे पोचत नाही आणि वाराही नाही. ठिपके वीतभर उंचीवरच का यायचे, त्याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

मी केलेला मुख्य उपाय एवढाच की कपाट आतल्या भिंतीला नेलं, म्हणजे जिच्या पलीकडे आपलीच दुसरी खोली आहे अशा भिंतीला. उत्तरेच्या भिंतीशी आता फक्त उघडी मांडणी आहे, तीही चार बोटांहून जास्त पुढे ओढलेली. ज्यांना कपाट हलवायला जागाच नाही त्यांनी निदान ५ सेंटिमीटर फट ठेवावी आणि छोटा पंखा त्या फटीच्या तोंडाशी लावून रोज तास-दोन तास चालवावा. ओशिइरे, म्हणजे अंथरुणं ठेवायचं भिंतीतलं कपाट, असेल तर त्यातही हेच: सामान भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी पट्ट्यांचा पाट, म्हणजे स्नोको, घाला, दोन्ही बाजूंची सरकती दारं वीतभर उघडी ठेवा.

एसीचं ‘दोराइ’ बटण

रिमोटवर दोराइ किंवा जोशित्सु असं बटण असतं, म्हणजे हवा कोरडी करायचं. बहुतेक साध्या एसींमध्ये ते हळू चालणारं कूलिंगच असतं. हवा थंड कॉइलवरून जाते, पाणी गळतं, पाइपाने बाहेर पडतं. दमट आणि उकाड्याच्या दिवशी ते छान काम करतं. अडचण येते ती त्सुयुझामुच्या दिवसांत, म्हणजे बाहेर जेमतेम वीस-एकवीस अंश असतात आणि अंगावर शहारे येतात तेव्हा. खोली ठरवलेल्या तापमानाला लगेच पोचते, कॉम्प्रेसर थांबतो, पण पंखा फिरतच राहतो आणि ओल्या कॉइलवरचं पाणी पुन्हा खोलीत उडवतो. मापक समोर ठेवून पाहा, ५८ वर आलेला आकडा पंधरा मिनिटांत पुन्हा ७० कडे सरकतो. एसी बिघडलाय असं समजून मी एकदा माणूस बोलावला होता. मशीन ठणठणीत होतं.

महागड्या एसींमध्ये साइनेत्सु-जोशित्सु नावाची सोय असते. त्यात पाणी काढून झाल्यावर हवा पुन्हा थोडी गरम करून सोडतात, त्यामुळे खोली गारठत नाही. वीज जास्त लागते. तुमच्या रिमोटवर ते असेल तर थंड दिवसांत तेच लावा. नसेल तर वेगळा डिह्युमिडिफायर लागतो, दुकानात जोशित्सुकि म्हणून मागायचा.

तो घेताना प्रकार नीट विचारून घ्या. कॉम्प्रेसरवाला त्सुयुसाठी आणि उन्हाळ्यासाठी योग्य, वीज कमी खातो. दुसरा झिओलाइट या ओल शोषणाऱ्या खनिजावर चालणारा, ज्यात हीटर असतो. तो हिवाळ्यात उत्तम चालतो, पण जुलैत खोली आणखी तापवतो. आम्ही पहिला घेतला. पहिल्या रात्री दार लावून, धुतलेल्या कपड्यांसकट खोलीत चालवला. सकाळी टाकी काढली तर सव्वादोन लिटर पाणी. मुलाने ते मोजपात्राने बादलीत ओतलं आणि बराच वेळ बघत बसला. एवढं पाणी रात्रभर आपल्या श्वासाच्या, अंथरुणाच्या, भिंतींच्या आसपास होतं. ते पाहिल्यानंतर घरात कुणालाही यंत्राचं बिल जास्त वाटलं नाही.

कपाटात ठेवायचे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळतात, त्यांच्या तळाशी पाणी साठत जातं. बंद कपाटात, गेताबाकोत (चपलांच्या कपाटात) ते उपयोगी पडतात. पण खोलीसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका, ती ताकद त्यांच्यात नाही. आणि भरलेला डबा कपड्यांवर आडवा होऊ देऊ नका. ते खारट पाणी सुकत नाही आणि चामड्याला आखडवतं. माझ्या कोल्हापुरी चपलांचा एक जोड त्यात गेला.

पंखा बंद करू नका

जुलै २००३ नंतर बांधलेल्या घरांमध्ये चोवीस तास चालणारी वायुवीजनाची सोय कायद्यानेच बंधनकारक आहे, तासाला घरातली निम्मी हवा बदलेल इतकी. भिंतीत हाताएवढं गोल किंवा चौकोनी तोंड दिसतं, ते हवा आत यायचं. हिवाळ्यात तिथून गार वारा येतो म्हणून बरेच जण ते बंद करतात आणि विसरतात. आम्ही तर त्यावर टेप लावली होती. या सोयीतला पंखा त्सुयुत थोडी दमट हवा आत आणतो हे खरं आहे, पण उघड्या खिडकीच्या मानाने ते फार कमी असतं, आणि न्हाणीघरातली वाफ खोल्यांत शिरण्याआधीच बाहेर नेण्याचं काम तोच करतो. अंघोळीनंतर न्हाणीघराचं दार बंद आणि पंखा चालू, रात्रभर. भिंतींवरून आधी गार पाणी मारून साबण धुऊन घ्या आणि पाणी रबरी पट्टीने ओढून काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

स्वयंपाकघराचं वेगळं सांगायला हवं, कारण आपलं रांधणं वाफेचं. कुकर, इडल्या, मोदक, उकड. कुकर लावण्याआधी पाच मिनिटं कानकिसेन, म्हणजे वाफ बाहेर ओढणारा पंखा, सुरू करा आणि गॅस बंद केल्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवा.

कपडे

भरलेल्या एका मशीनच्या कपड्यांमध्ये पिळल्यानंतरही दोन-अडीच लिटर पाणी असतं. ते घरात वाळत घातलं की सगळं हवेत जातं. म्हणून कपडे सगळ्या घरभर पसरू नका. एकच खोली धरा, दार लावा, डिह्युमिडिफायर आणि खालून वर वारा फेकणारा पंखा लावा. दोरीवर लांब कपडे दोन्ही कडांना आणि आखूड मध्ये, कमानीसारखे टांगले की खालून हवा जास्त वेगाने जाते. पाच तासांच्या आत वाळले तर सहसा वास येत नाही. न्हाणीघरात कपडे वाळवायची सोय असेल तर सोनंच.

वास एकदा धरला की नुसत्या साबणाने जात नाही. तो मोराक्सेला नावाच्या जिवाणूंमुळे येतो आणि ते साध्या धुण्यातून टिकून राहतात. वाळलेल्या कपड्याला वास नसतो, घाम लागला की पुन्हा दरवळतो, ही त्याची खूण. ४० ते ५० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजनवालं ब्लीच घालून अर्धा तास भिजवा आणि मग नेहमीसारखे धुवा. टॉवेल आणि जीन्स मी कॉइन लाँड्रीच्या गॅस ड्रायरमध्ये नेते. तिथली आच घरच्या मशीनपेक्षा पुष्कळ जास्त असते, वीस-तीस मिनिटांत कपडे कडकडीत. सुती कुर्ते आणि परकर मात्र तिथे टाकू नका, आटतात.

जमिनीवर फुतोन, म्हणजे जपानी गादी, घालून झोपत असाल तर सकाळी उचलायलाच हवा. अंगातली ओल खाली झिरपते आणि गार जमिनीवर अडते. खाली स्नोको घाला, आठवड्यातून एक-दोनदा फुतोन वाळवायचं यंत्र लावा. गरम हवा नळीने अंथरुणात सोडायची, बस. आईला व्हिडिओवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “ही तर आपली शेगडी न् टोपलीच.”

पीठ, डाळ, मसाला

हे वाचून सोडून देऊ नका. उघडलेलं पीठ दमट हवेत बाहेर राहिलं तर त्यात डोळ्यांना न दिसणारे किडे होतात, आणि असं पीठ खाऊन काहींना अचानक जोराची ॲलर्जी आल्याची उदाहरणं जपानात नोंदली गेली आहेत. शिजवल्याने धोका जात नाही. ओकोनोमियाकीच्या, म्हणजे इथल्या तिखटमिठाच्या धिरड्याच्या, तयार पिठाबद्दल इथे ही सूचना सर्रास देतात. आपलं बेसन, थालिपिठाची भाजणी, रवा, सगळं त्यातच आलं. उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये. गोडा मसाला आणि लाल तिखट मी फ्रीजरमध्ये ठेवते. तांदळाच्या डब्यात इथेही लाल मिरच्या टाकतात. आपल्याकडे कडुलिंबाचा पाला टाकतात तसंच. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा नको, हे कुणाला सांगायची गरज नाही.

आलेली बुरशी काढायची कशी

कोरडी झाडू नका, व्हॅक्यूम लावू नका. बीजाणू खोलीभर उडतात. मास्क आणि हातमोजे घाला. भिंतीच्या कागदावर आणि लाकडावर ७० ते ८० टक्क्यांचं इथेनॉल कागदी रुमालाला लावून दाबून पुसा, रुमाल लगेच पिशवीत बांधून टाका, दोन तासांनी पुन्हा एकदा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. जवळ गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको. तातामीलाही इथेनॉलच, ब्लीच नको, रंग जातो. न्हाणीघरातल्या रबराच्या फटीतला काळेपणा मात्र क्लोरीनच्या औषधानेच जातो. त्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘माझेरुना किकेन’ लिहिलेलं असतं, म्हणजे मिसळणं धोक्याचं. हे औषध आणि टॉयलेट धुण्याचं आम्लाचं द्रावण, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. एकाच दिवशी दोन्ही वापरूच नका.

काढण्याआधी फोटो काढा, तारखेसह. माझ्याकडून इथे उशीर झाला. पहिल्या वर्षी इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला फोन केला, तिथून उत्तर आलं की हवा खेळती ठेवा, बाकी तुमची जबाबदारी. मी ते ऐकून गप्प बसले, लिहून काही दिलं नाही. घर सोडतानाच्या दुरुस्तीबद्दल सरकारची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यात, ओल दिसूनही न कळवता आणि न पुसता तशीच ठेवल्यामुळे बुरशी वाढली तर ती भाडेकरूची चूक धरतात, आणि खर्च शिकिकिनमधून, म्हणजे अनामत रकमेतून, कापला जाऊ शकतो. म्हणून ठिपका दिसला त्याच दिवशी ईमेल करा, फोटो जोडा, मापकाचा आकडा लिहा. फटीतून पाणी येत असेल किंवा वरच्या मजल्याची गळती असेल तर तो वेगळाच प्रश्न, तो घरमालकाचा. भिंत हाताला ओली लागते का, हे म्हणूनच आधी पाहायचं.

एक गोष्ट तब्येतीची. घरात कोरडा खोकला, हलका ताप, दम लागणं उन्हाळ्यात सुरू झालं, चार दिवस बाहेरगावी गेलं की बरं वाटलं आणि घरी परतल्यावर पुन्हा सुरू झालं, तर सर्दी म्हणून अंगावर काढू नका. ट्रायकोस्पोरोन नावाच्या बुरशीमुळे होणारा फुफ्फुसांचा आजार जपानात चांगला माहीत आहे, आणि घर सोडलं की बरं वाटणं ही त्याची ओळख. डॉक्टरांना ही ये-जा स्पष्ट सांगा, नाहीतर त्यांच्या लक्षात येणं कठीण.

रेशमी साड्यांसाठी त्सुयु संपायची वाट बघा. जुलैअखेर कोरडं ऊन पडलं की इथल्या बायका किमोनो सावलीत वारा देऊन टांगतात, त्याला मुशिबोशी म्हणतात. मी त्याच दिवसांत पैठण्या काढते, घडी मोडते, अर्धा दिवस आतल्या खोलीत टांगते, मग घड्या बदलून मलमलीत बांधते. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देत नाही.

शाळेला सुट्टी लागली की आपण भारतात जातो आणि घर महिनाभर बंद राहतं. पहिल्या दोन वर्षांतलं मोठं नुकसान आमचं तेव्हाच झालं. आता निघण्याच्या आदल्या दिवशी एकही कपडा धुवत नाही. न्हाणीघर कोरडं पुसून दार उघडं ठेवते, चोवीस तासांचा पंखा चालूच. सगळ्या कपाटांची, ओशिइरेची, गेताबाकोची दारं सताड उघडी, गाद्या भिंतीला टेकवून उभ्या. फ्रीज चालूच ठेवते, पिठं त्यात असतात. डिह्युमिडिफायरची टाकी भरली की तो आपोआप थांबतो, म्हणून त्याला नळी जोडून ती न्हाणीघरातल्या मोरीत सोडते. तुमच्या यंत्राला नळी जोडायची सोय नसेल किंवा रिकामं घर असताना यंत्र चालवू नका असं माहितीपत्रकात लिहिलं असेल, तर प्लग काढून ठेवा आणि शेजाऱ्यांकडे किल्ली द्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी दहा दिवसांनी एकदा येऊन कोरड्या दुपारी तासभर खिडक्या उघडतात आणि मापकावरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवतात.